युद्धकाळातला जर्मन बॅज खरा की नकली? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातला जर्मन इन्फन्ट्री असॉल्ट बॅज (पायदळाच्या हल्ल्यांत लढलेल्या सैनिकांना मिळायचा तो) ऑनलाइन विकायला आहे. फोटोत एकदम चकचकीत चांदीसारखा दिसतोय, मागे एफ.एल.एल. असा शिक्का पण आहे आणि विकणारा सांगतोय की एका सैनिकाच्या घरातूनच आलाय. घेऊ का?

उत्तर: पैसे अजून पाठवू नका. आधी मागच्या बाजूचे, पिनचे आणि बिजागरीचे जवळून काढलेले फोटो मागवा, नाही म्हणाला तर विषय तिथेच संपवा. घराण्याची गोष्ट कोणीही सांगू शकतं, तिच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता तो चकचकीतपणा. हा बॅज 20 डिसेंबर 1939 ला सुरू झाला. सुरुवातीचे बॅज तांबं-जस्ताच्या टोम्बाक नावाच्या मिश्रधातूचे असायचे, पुढे तांबं युद्धाच्या इतर कामांना लागायला लागलं म्हणून साधं जस्त आलं. टोम्बाकवर चांदीचा मुलामा छान टिकतो, पण जस्तावर टिकत नाही, वर्षानुवर्षांत तो उडतो आणि बॅज राखाडी, मळकट दिसायला लागतो. म्हणजे जस्ताचा बॅज खाचाखोचांपर्यंत एकसारखा चमकत असेल तर मला तरी शंका येते. डबीत बंद राहिलेले चांगले पीस असतात, नाही असं नाही, पण मग बाकी सगळं चोख असायला हवं.

आणि बाकी सगळं म्हणजे मुख्यतः तो बनवला कसा. दहापट भिंग घ्या आणि रायफलचा बोल्ट, गरुडाची पिसं, ओकच्या पानांच्या शिरा नीट बघा. डायने, म्हणजे नक्षी कोरलेल्या पोलादी ठशाने, ठोकून काढलेल्या बॅजवर या रेषा धारदार असतात आणि मधली सपाट जागा खरंच सपाट असते. खऱ्या बॅजवरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत मात्र पिसं एकमेकांत मिसळल्यासारखी, सुईच्या टोकाएवढे खड्डे, कुठे बारीक गाठी, आणि रायफल आणि पानांच्या मधल्या मोकळ्या जागेच्या कडा गोलसर किंवा कानस मारलेल्या. शिवाय ओतलेली धातू थंड होताना आकसते, त्यामुळे अशी नक्कल मूळ पीसपेक्षा किंचित लहान भरते, डिजिटल व्हर्नियरने त्याच कारखान्याच्या खात्रीच्या बॅजशी माप जुळवलं की हे कळतं. एक लक्षात ठेवा, युद्धातले काही जस्ताचे बॅज मुळातच स्टीलच्या साच्यात दाबाने ओतलेले आहेत, म्हणून नुसतं "ओतीव आहे" म्हणून बाद करू नका. त्यांचे तपशील तरीही स्पष्ट असतात.

शिक्क्याचं म्हणाल तर एफ.एल.एल. म्हणजे जर्मनीतल्या ल्यूडेनशाइट गावची फ्रीडरिश लिंडेन ही कंपनी, ती खरी आहे. पण शिक्का मारणं हे नकली माल बनवणाऱ्याचं सगळ्यात सोपं काम, आणि उलट कितीतरी अस्सल बॅजवर शिक्काच नसतो! म्हणून शिक्का आहे एवढ्यावर खूश होऊ नका. अक्षरांची उंची, अंतर, शिवाय मागची पिन आणि हूक बसवण्याची पद्धत त्याच कंपनीच्या ओळखीच्या पीसशी जुळते का ते बघा, दर कारखान्याची याबाबतीत आपली एक सवय असायची.

प्रश्न: आयर्न क्रॉसला, म्हणजे त्या जर्मन शौर्यपदकाला, चुंबक चिकटलं म्हणजे तो अस्सल, बरोबर ना?

उत्तर: नाही. 1939 चा आयर्न क्रॉस साधारणपणे तीन भागांचा असतो, आत काळा रंग दिलेला लोखंडी गाभा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी फ्रेमचे दोन अर्धे भाग झाळून जोडलेले. चुंबक फक्त आत लोखंड आहे एवढंच सांगतं, आणि हे नकली बनवणाऱ्यांना कधीचंच माहितीये. काही अस्सल क्रॉसचा गाभा लोखंडाचा नसतोही.

त्यापेक्षा क्रॉस उभा धरून कड बघा. दोन फ्रेम जिथे मिळतात तिथे जोडाची बारीक रेघ दिसायला हवी, निदान कानस मारून ती पुसल्याची खूण तरी. अजिबात जोड नाही आणि समोरून फ्रेम आणि गाभा एकाच तुकड्यातून आल्यासारखे वाटतायत, तर तो एकसंध ओतून वर काळा रंग फासलेला आहे. फ्रेमच्या आतल्या कोपऱ्यांतले मणी पण बघा, स्वस्तातल्या नकलांमध्ये ते तिथे दबून एकमेकांत गेलेले असतात. आणि गाभ्याच्या रंगाखाली कुठे गंजाचा छोटा फुगवटा आला असेल तर घाबरू नका, जुन्या लोखंडाचं ते स्वाभाविक आहे. पिनवर भरपूर गंज आणि बाकी सगळं कोरं करकरीत, हे मात्र मुद्दाम म्हातारं केल्याचं लक्षण.

प्रश्न: कापडी बॅजला हे काहीच लागू होत नाही, मग काय करायचं?

उत्तर: अंधारात यूव्ही (अतिनील प्रकाशाची) टॉर्च मारा. कापड उजळ दिसावं म्हणून घालतात ती रसायनं युद्धानंतर सर्रास वापरात आली, त्यामुळे धागा निळसर पांढरा लख्ख चमकला तर सावध व्हा. आधुनिक पावडरने धुतलेलं अस्सल कापडसुद्धा चमकतं, आणि नाही चमकलं म्हणून अस्सल ठरत नाही, तेव्हा विणकाम आणि मागची बाजू बघायचीच.

प्रश्न: माझ्याकडच्या आयर्न क्रॉसवर स्वस्तिकाऐवजी ओकची पानं आहेत पण खाली 1939 आहे. फसलो का?

उत्तर: युद्धकाळातला म्हणून विकला असेल तर हो. पण वस्तू म्हणून तो नकली नाही. पश्चिम जर्मनीने 1957 मध्ये कायदा केला की माजी सैनिकांनी युद्धातली पदकं लावायला हरकत नाही पण नाझी चिन्हाशिवाय, आणि त्यासाठी हे रूप बनवलं गेलं. स्टाइनहावर उंड ल्यूकसारख्या जुन्या कंपन्यांनीच ते काढले. खरी डोकेदुखी वेगळीच आहे, व्हिएन्नाच्या सूवालसारख्या कारखान्याने युद्धानंतरही स्वस्तिकासकट पदकं काढली, तेही जुन्या डाय वापरून. तिथे शिक्का खरा, डाय खरी, काळ मात्र नंतरचा, आणि मग धातू, मुलामा आणि पिन-हूक यांच्यावरूनच ठरवावं लागतं. युद्धाआधीच्या पिढीतलं नाव मागे दिसलं म्हणून निर्धास्त होऊन मोठी रक्कम देऊ नका, अशा पीसचे फोटो दोन-तीन जाणकारांना दाखवा आणि पैसे परत मिळण्याची लेखी हमी घेऊनच घ्या.