संध्याकाळी सात वाजता रडणारं बाळ

"दूध पुरून नाई रायलं वो मॅडम. वरचं चालू करू का?"

हा प्रश्न दवाखान्यात माझ्या टेबलासमोर आठवड्यातून एकदा तरी येतोच. बहुतेक वेळा तो बाळाची आई विचारत नाही. सोबत आलेली आई, सासू किंवा आजी विचारते, आणि जिच्या दुधाबद्दल बोलणं चाललेलं असतं ती पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत असते.

कवितासुद्धा तशीच बसली होती. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.) डिसेंबरचे दिवस, कापसाची वेचणी जोरात चाललेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका खेड्यात तिचं माहेर. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली, मुलगी २६ दिवसांची. आई सकाळी आठला शेतात जायची. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, एक दिवस घरी राहिलं की तेवढे पैसे गेले. त्यामुळे बाळंतिणीचं सगळं तिच्या सत्तरीपार आजीकडे होतं. त्या दिवशी प्रश्न विचारला तो आजीनेच.

आजीची तक्रार नेमकी होती. लेकरू संध्याकाळी दिवेलागणीपासून रडतं, दर अर्ध्या तासाला पाजावं लागतं, तरी पोट भरत नाही. छाती आधी दगडासारखी भरून यायची, आता मऊ पडली. आजीने वाटीत दूध पिळून बघितलं, तर चमचाभर निघालं. म्हणून आठ दिवसांपासून गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून दिवसातून दोनदा चमच्याने पाजणं सुरू होतं.

मी विचारलं, "सू किती वेळा करते?"

"लय करते. फडके वाळवता वाळवता थकलो." आजी म्हणाली.

"मोजून सांगा ना आजी."

तिने बोटांवर मोजलं. दिवसा सात, रात्री दोन-तीन.

मग मी माता व बाल संरक्षण कार्ड मागितलं. ते पिशवीत, फडक्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या कागदात नीट गुंडाळून ठेवलेलं होतं. गावच्या आशाताईने प्रत्येक भेटीत वजन करून लिहिलं होतं. जन्माचं २ किलो ७०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी २ किलो ५५०. सातव्या दिवशी २ किलो ६००. चौदाव्या दिवशी २ किलो ७५०. एकविसाव्या दिवशी २ किलो ९५०. आमच्या काट्यावर त्या दिवशी भरलं ३ किलो १०० ग्रॅम.

जे कोडं घेऊन ही माणसं दोन गाड्या बदलून आली होती, त्याचं उत्तर त्यांच्याच पिशवीत होतं. कोणी त्यांना ते वाचून दाखवलं नव्हतं.

म्हणून आधी ते आकडे वाचू. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. दहा टक्क्यांच्या आत उतरलं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं, तर घाबरायचं कारण नसतं. त्यानंतर दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमची वाढ उत्तम, आणि पहिल्या सहा महिन्यांत महिन्याला निदान ५०० ग्रॅम तरी भरायलाच हवेत. दुसरी खूण लघवीची. पहिला आठवडा सरत आला की २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची. या दोन गोष्टी ठीक असतील तर दूध पुरतं आहे. कविताची मुलगी वरचं दूध सुरू व्हायच्या आधीच जन्माच्या वजनाच्या पुढे गेली होती.

मग ती रडते कशाला? संध्याकाळी बहुतेक तान्ही बाळं रडतात. दुसऱ्या आठवड्यापासून हे रडणं वाढत जातं, सहा आठवड्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. त्याच वेळी ती सारखी सारखी अंगावर पितात, सोडतात, परत मागतात. भूक हे रडण्याचं एक कारण आहे, एकमेव नाही. छाती मऊ पडणंही दूध आटल्याची खूण नाही. पहिल्या आठवड्यांतली ती ताठर सूज जाते आणि शरीर बाळाच्या मागणीप्रमाणे दूध बनवू लागतं, एवढाच त्याचा अर्थ. आणि हाताने पिळून किती निघालं यावरून तर काहीच ठरत नाही. बाळाचं ओढणं वेगळं आणि भीत भीत पिळणं वेगळं.

हे मी आजीला सांगितलं, आणि वरच्या दुधाचंही सांगितलं. बाळ जितकं ओढतं तितकं दूध बनतं. चमच्याने दोनदा पोट भरलं की तितक्या वेळा अंगावर ओढणं कमी होतं, म्हणून आईचं दूधही खरोखर कमी होऊ लागतं, आणि मग घरचे म्हणतात, बघा, आम्ही म्हटलंच होतं. शिवाय गाईचं दूध वर्षाच्या आतल्या बाळाला मुख्य दूध म्हणून सोसत नाही. पाणी घालून तर ते पातळही होतं आणि पाण्यातले जंतूही पोटात जातात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हाही नाही, कारण आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. पाणी प्यायचं ते आईने, आणि भरपूर. आजी तिला पाणी मोजून देत होती, लेकराला सर्दी होईल म्हणून. तेही त्या दिवशी बंद करायला सांगितलं.

आजी ऐकत होती, पण पटत नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "माह्ये दोन गेले. एक तर सव्वा महिन्याचंबी नव्हतं झालं. असंच रडे."

इथे मला थांबावंसं वाटतं. आजीच्या हट्टाला आपण पटकन अडाणीपणा म्हणतो. तिच्या पिढीने तान्ही लेकरं जाताना पाहिली आहेत. रडणारं बाळ तिच्यासाठी धोक्याची घंटा होती, आणि ती ऐकून धावत यायला तिच्या गावात तेव्हा कोणी नव्हतं. आज आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, त्या पद्धतीची मुळं आपल्याच विदर्भात आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आजीला मी एवढंच म्हटलं, "तुमच्या वेळी काटा घेऊन कोणी घरी येत नव्हतं आजी. आता येते. भीती वाटली की तिला वजन करायला लावा." तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि डोळ्याजवळ धरून पाहिलं.

खरंच दूध कमी पडतं अशा बायाही असतात. बाळंतपणात फार रक्त गेलं असेल, थायरॉइडचा त्रास असेल, बाळाला नीट ओढता येत नसेल, तर दूध कमी पडू शकतं. दोन आठवड्यांनीही जन्माचं वजन भरलं नाही, लघवी कमी आणि गडद पिवळी झाली, बाळ सुस्त पडलं, प्यायला उठेना, अंग तापलं किंवा गार पडलं, तर घरी वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा.

आता कविता. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. मी आजीला बाळ घेऊन बाहेर उन्हात बसायला सांगितलं आणि दार लोटलं.

सुरुवातीच्या वर्षांत मी इथे एक चूक करत असे. "अगं, सगळ्यांनाच होतं, होईल नीट," असं म्हणून पुढचा नंबर बोलवत असे. धीर दिला असं मला वाटायचं. पुढे एका बाईने मला सांगितलं की ते वाक्य ऐकल्यावर तिने परत कोणालाच काही सांगितलं नाही. तेव्हापासून मी ते वाक्य बोलत नाही. विचारते.

"बाळ झोपलं की तुला झोप लागते?"

ती मान हलवून नाही म्हणाली. "डोळे मिटले का वाटते, आता उठंन, आता रडंन."

जेवण? पोटात ढकलते. रडू? रोज. पहिल्या आठवड्यात आलं असेल, पण अजूनही? अजूनही, आणि जास्तच. मग तिने फोनचं सांगितलं. रोज संध्याकाळी सात वाजता सासूचा फोन येतो. पोरीचा आवाज मागून ऐकू येतो आणि सासू म्हणते, "पाह्य, आजही उपाशी हाये." फोन वाजायच्या आधी अर्धा तास तिचे हात गार पडतात.

दूध तयार होणं एक आणि ते खाली उतरणं दुसरं. भीती, दुखणं, अपमान यांनी उतरणं अडखळतं. म्हणजे ज्या वेळी बाळ सगळ्यात जास्त मागतं, नेमका त्याच वेळी तिच्या अंगाला घाम फुटलेला असायचा.

"स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का?" मी सरळ विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असला तर बोलायला जागा मिळते.

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मरावं असं नाई वाटत. पण वाटते, मी नसती तर इले चांगली माय भेटली असती."

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मन भरून येतं, उगाच रडू येतं. ते दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. त्यापुढेही रडू थांबत नाही, बाळ झोपलं तरी झोप येत नाही, आपण नालायक आहोत असं वाटत राहतं, तेव्हा तो आजार असतो. बाळंतपणानंतरचं नैराश्य. पोरीचा नखरा नाही, बाहेरची बाधाही नाही. मी तिला तसंच सांगितलं, आणि त्याच दिवशी आमच्या डॉक्टरांना दाखवलं. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिची पहिली शंका होती, गोळी घेतली तर अंगावरचं बंद करावं लागेल का. नाही. बाळाला पाजत असताना घेता येतील अशी औषधं असतात, ती डॉक्टर निवडतात. रात्री-अपरात्री फार जड झालं तर बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर कागदावर लिहून दिला.

पाजण्याचं मात्र माझ्यासमोरच पाहिलं. मुलगी फक्त बोंडी ओढत होती, म्हणून कविताला दुखायचं. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबलो, मग जवळ घेतलं. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, बोंडीभोवतीचा काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसणारा. दोन मिनिटांत घोट ऐकू येऊ लागले. कविता त्या आवाजाकडे कान देऊन बसली होती.

नवऱ्याला फोन मी तिच्यासमोर, तिला विचारून लावला. पुण्याला कंपनीत कामाला आहे तो. भांडण लावायचं नव्हतं, म्हणून एकच गोष्ट मागितली. तुमच्या आईचा फोन सकाळी दहाला येऊ द्या, संध्याकाळी नाही. दहाला बाळ तेल लावून, आंघोळ घालून झोपलेलं असतं. "एवढंच ना मॅडम?" तो म्हणाला. एवढंच. शेजारच्या काकू दुपारी दोन तास बाळाला बघतात, तेव्हा कविता झोपेल, हे आजीने स्वतःहून सुचवलं. वरचं दूध एकदम न तोडता चार दिवसांत बंद केलं आणि आशाताईला जास्तीचं वजन करायला सांगितलं.

सव्वा महिन्याने ती परत आली तेव्हा मुलीचं वजन नीट वाढलेलं होतं. औषध सुरू होतं आणि अजून बरेच महिने राहणार होतं. कविताला झोप थोडी लागू लागली होती, रडू आठवड्यातून दोनदा-तीनदा. सासूचे टोमणे थांबले नव्हते, पण सकाळी दहाला त्यांचा आवाज तेवढा लागत नाही, असं ती म्हणाली. मुलगी संध्याकाळी अजूनही तितकीच रडते. आजी तिला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारते, आणि आता "दूध नाई" म्हणत नाही. "सात वाजले वाटते" म्हणते.