मुंग्यांच्या वाटेला 'कामगंध' म्हणावं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आला आहे. संगणकानं जीवसृष्टीकडून काय उचललं, यावर त्या मुलांसाठी मराठीत पाठ लिहीत आहेत. त्यात मुंग्यांवरून सुचलेली, जवळची वाट शोधायची रीत आहे. मुंग्या वाटेवर फेरोमोन, म्हणजे एकमेकींना खूण पटवणारं वासाचं द्रव्य, सोडतात. पऱ्हाटीतल्या, म्हणजे कपाशीतल्या, फेरोमोनच्या सापळ्याला आपण कामगंध सापळा म्हणतो, म्हणून ताईंनी मुंग्यांसाठीही 'कामगंध' लिहिलं. पाठ वाचल्यावर एका मुलीनं विचारलं, "म्हंजे मुंग्या जोडीदार पाह्याले जातेत का, मॅडम?" ताई विचारतात, शब्द चुकला का?

ताई, मुलीनं नेमक्या जागी बोट ठेवलं. मुंग्यांच्या वाटेला हा शब्द बसत नाही. पण शब्द म्हणून तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा त्याला कुठून काढायचं आणि कुठं राहू द्यायचं, ते जरा सावकाश सांगतो.

आमचं वावर हिंगणघाटकडे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी पोखरली, आणि त्यानंतर 'कामगंध सापळा' हे शब्द आमच्या घरात रोजचे झाले. काठीला बांधलेलं प्लास्टिकचं नरसाळं, खाली लांब पिशवी, वर झाकण आणि झाकणाच्या आत बोटाच्या पेराएवढी रबरी गोळी. दुकानदार तिला ल्यूर म्हणतो. बोंडअळीच्या मादी पतंगाचा वास कृत्रिमपणे बनवून त्या गोळीत मुरवलेला असतो. आपण नाकाशी धरली तरी काही कळत नाही. नर मात्र अंधारात तिचा सुगावा घेत येतो, घुटमळतो आणि नरसाळ्यातून पिशवीत पडतो. सलग ३ रात्री एका सापळ्यात रोज ८ पतंग दिसले की फवारणीचा निर्णय घ्यायचा, हे गणित इथं शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. 'काम' म्हणजे मिलनाची ओढ, 'गंध' म्हणजे वास. ज्यानं कोणी हा शब्द घडवला त्यानं वस्तू पाहून घडवला. सापळ्यासाठी तो शंभर टक्के बरोबर आहे.

मूळच्या 'फेरोमोन' शब्दात मात्र ही मिलनाची ओढ नाही. १९५९ साली पीटर कार्लसन आणि मार्टिन ल्युशर या शास्त्रज्ञांनी तो ग्रीकमधून जुळवला. त्यात 'वाहून नेणं' आणि 'चेतवणं' असे दोन धातू आहेत. एका जिवानं अंगाबाहेर टाकलेलं आणि त्याच जातीच्या दुसऱ्या जिवाला काही करायला लावणारं द्रव्य, एवढाच त्याचा अर्थ. धोक्याची हाक, अन्नाची वाट, मिलनाचं बोलावणं, सगळं त्यात येतं. योगायोग असा की त्याच वर्षी आडोल्फ बुटेनान्ट या रसायनशास्त्रज्ञांनी रेशमाच्या मादी पतंगाचं द्रव्य ओळखून दाखवलं. त्यासाठी वीसेक वर्षं खपून सुमारे ५ लाख माद्यांच्या गंधग्रंथी गोळा केल्या होत्या. रासायनिक ओळख पटलेलं हे पहिलं फेरोमोन मिलनाचं निघालं, आणि आपल्याकडं खेड्यात तो शब्द पोचला तोही पतंगाच्या सापळ्यातून. म्हणून आपल्या मनात फेरोमोन म्हणजेच कामगंध असं बसलं.

आणखी एक अडचण मराठीच्या पोटातली आहे. आपल्याकडं 'काम' हे दोन वेगळे शब्द एकाच रूपात नांदतात. एक संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, वासना या अर्थाचा. दुसरा 'कर्म' वरून प्राकृतातल्या 'कम्म' मधून आलेला, कष्टाचा. वावरात दुसराच चालतो. वेचणीला आलेल्या मावशींनी सापळ्याकडं बोट करून मला विचारलं होतं, "कामाचा वास राह्यते का जी?" त्यांचा अर्थ त्यांच्या जगण्याला धरूनच होता. आता मुंग्यांकडं या. रांगेत चालणाऱ्या मुंग्या कामकरी असतात. त्या सगळ्या माद्या, पण वीण वाढवणं राणीकडं. या अन्न आणतात, वारूळ सांभाळतात. तिथं 'कामगंध' लिहिलं तर शहरातला वाचक मिलन समजेल आणि वावरातला वाचक मजुरी समजेल. मजुरीवाला सत्याच्या अधिक जवळ पोचेल, हे खरं. पण ज्या शब्दाचा अर्थ वाचणाऱ्याच्या गावावरून ठरतो तो पाठात नको.

मग काय म्हणायचं? आधी मुंगी काय करते ते पाहू. परवा ओसरीवर गुळाचा खडा पडला होता आणि खांबाच्या बुडापासून तिथवर रांग लागली होती. मी ओलं बोट रांगेवर आडवं फिरवलं, चांगलं दोनदा, घासून. पुसलेल्या पट्टीशी दोन्हीकडच्या मुंग्या थबकल्या. मिशा हलवत डावीउजवीकडं फिरल्या, काही परत वळल्या. मग एक पट्टी ओलांडून गेली, तिच्यामागून दुसरी, आणि थोड्या वेळानं रांग पुन्हा सरळ वाहू लागली. माझ्या बोटानं त्यांचा *माग* पुसला होता.

हाच तो शब्द. चोराचा माग, हरवलेल्या बैलाचा माग, मागमूस. 'माग' आला 'मार्ग' पासून, पण येता येता त्यानं वाटेवर उरलेली खूणही पोटात घेतली. वाट आणि खूण एकाच शब्दात, मुंगीला हवं तेच. म्हणून माझी सूचना *मागगंध*. एक जपा. 'मुंगी माग सोडते' असं लिहू नका, कारण मराठीत माग सोडणं म्हणजे पाठलाग थांबवणं. 'मुंगी माग ठेवत जाते' म्हणा. 'गंध सोडते' म्हटलं तरी चालेल.

आता संगणकाकडं. १९८९ साली ब्रसेल्सच्या संशोधकांनी अर्जेंटिनी मुंग्यांचं वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये दोन फाट्यांचा पूल ठेवला, एक फाटा लांब, एक आखूड. सुरुवातीला मुंग्या दोन्हींवरून गेल्या. आखूड फाट्यावरच्या लवकर परतल्या, त्यामुळं तिथं गंधाची पुटं लवकर चढली, मागच्या मुंग्या तिकडं वळल्या, आणि बहुतेक रांग आखूड फाट्यावर आली. कोणा मुंगीनं दोन्ही वाटा मोजल्या नव्हत्या. १९९२ साली मिलानमध्ये मार्को दोरिगो यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधात यावरून गणनाची रीत बांधली. आठवडी बाजार करणारा दुकानदार समजा. कमीत कमी चालून १५ गावं करून घरी परतायचं, तर घरचं गाव त्या १५ मध्येच धरूनसुद्धा वेगवेगळ्या फेऱ्या होतात ४,३५८ कोटींहून जास्त. सगळ्या तपासत बसण्याऐवजी संगणक कल्पनेतल्या मुंग्या सोडतो. प्रत्येक मुंगी पुढचं गाव निवडताना जवळ काय आणि आधीचा माग कुठं दाट, हे दोन्ही पाहते, आणि तरीही थोडं नशिबावर ठेवते. फेरी जितकी आखूड, तितका माग जास्त. इथं गंध म्हणजे दोन गावांच्या जोडीपुढं लिहिलेला एक आकडा, बाकी काही नाही.

प्रत्येक फेरीनंतर हे सगळे आकडे थोडे कमी करतात. पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला 'बाष्पीभवन' म्हणतील. पण आकड्याची वाफ होत नाही, आणि धुऱ्यावरून चालणाऱ्या माणसाकडं याहून चांगले शब्द आहेत. वाट *पडते*, वाट *मळते*, वाट *बुजते*. पावसाळ्यात चार हप्ते कोणी गेलं नाही की तरोटा माजतो आणि वाट बुजते. दोरिगोंच्या रीतीतलं सगळं तीन क्रियापदांत आलं. वाट बुजणं का हवं, तेही पुलाच्या प्रयोगानंच दाखवलं. आधी फक्त लांब फाटा ठेवून अर्ध्या तासानं आखूड जोडला, तर मुंग्या मळलेल्या लांब वाटेवरच अडकून राहिल्या, कारण तिचा गंध लवकर विरत नव्हता. म्हणून संगणकात तो मुद्दाम विरवतात. तुमच्या पाठात 'माग विरतो' लिहा. गंधालाही शोभतं, आकड्यालाही शोभतं.

संपूर्ण रीतीचं नाव तुम्ही 'मुंगी-वसाहत इष्टतमीकरण' केलं आहे. ते शब्दाला शब्द बरोबर आहे, पण मुलांच्या जिभेवर चढणार नाही. मी *मुंगी-मळवाट रीत* म्हणेन. मळवाट हा शब्द मराठीत आधीपासून आहे, आणि मळवाट सोडून जाणारी एखादी मुंगी या रीतीला लागतेच.

तुमच्या पाठाच्या शेवटी सापळाही येतो, आणि तिथं खरी सावधगिरी हवी. वाधवानी एआय या संस्थेनं कपाशीसाठी ॲप केलं आहे. सापळ्यात सापडलेल्या पतंगांचा मोबाइलवर फोटो काढला की ते पतंग मोजतं आणि फवारणीचा सल्ला देतं. फोटो ओळखणाऱ्या अशा चेताजालांची, म्हणजे चेतापेशींच्या जाळ्यासारख्या जोडलेल्या गणितांची, कल्पनाही प्राण्यांच्या मेंदूवरूनच सुचलेली. म्हणजे एकाच पाठात एक फेरोमोन रबरी गोळीतलं खरं द्रव्य, दुसरं तक्त्यातला आकडा. सापळ्यापाशी 'कामगंध' तसाच ठेवा, त्याला हात लावू नका. मुंग्यांपाशी 'मागगंध'. दोन्हींना मिळून एक नाव लागेल तिथं सरळ 'फेरोमोन' लिहा, मुलं तो शब्द कृषी केंद्राच्या पाटीवर वाचतातच.

तुमचा तो परिच्छेद मी असा केला आहे, पाहा: "अन्न घेऊन परतणारी मुंगी वाटेवर मागगंध ठेवत जाते. जवळच्या वाटेवर फेऱ्या लवकर होतात, म्हणून तिथला माग दाट होतो आणि ती वाट मळते. लांबच्या वाटेवरचा माग विरत जातो आणि ती बुजते. संगणकात गंधाच्या जागी आकडा असतो." मुलीला वाचायला द्या, आणि तिनं आणखी काही विचारलं तर मला कळवा.