वाचकांचे प्रश्न : वसंत आणि फुलपाखरे

प्रश्न : खानापूरहून जांबोटीकडे जाताना फाल्गुनात पळस-पांगारा फुललेला दिसतो, पण त्यावर फुलपाखरे क्वचितच आढळतात. मग आपल्याकडे ती वसंताची खूण मानावीत काय? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : मानावीत, मात्र त्यांना पळसावर शोधू नये. पळस, पांगारा आणि काटेसावर यांची लाल-केशरी, भरपूर मधुरसाची फुले मुख्यतः पक्ष्यांसाठी असतात. मैना, बुलबुल व सूर्यपक्षी तेथे पहाटेपासून गर्दी करतात. हिमालयात बर्फ वितळताच फुले आणि फुलपाखरे बरोबरच प्रकटतात, तर सह्याद्रीतील ऋतुचक्र पावसाच्या तालावर चालत असल्याने फुलपाखरांचा खरा बहर पावसाळ्यानंतर येतो.

तरीही फेब्रुवारी-मार्चमध्ये कणकुंबी, चोर्ला किंवा भीमगडच्या जंगलातील ओढे आटू लागले की, त्यांच्या काठच्या ओल्या वाळूवर निळ्या-हिरव्या पट्ट्यांची ‘कॉमन ब्लूबॉटल’ आणि त्यांची भाईबंद मंडळी दाटीवाटीने बसलेली दिसतात, आणि माझ्या मते आपल्या भागात वसंताची याहून भरवशाची खूण नाही. हे बहुतेक नर असतात. मधुरसात फारसे न मिळणारे सोडियमसारखे क्षार ते चिखलातून शोषून घेतात व मीलनाच्या वेळी त्यांतील काही मादीला देतात.

मादीला अंडी घालण्यासाठी कोवळी पालवी हवी असते. ब्लूबॉटलच्या अळ्या दालचिनीच्या कुळातील झाडांवर वाढतात. ‘कॉमन मॉर्मन’च्या अळ्या मात्र आपल्या परसातील कढीपत्ता व लिंबावरही सापडतील, म्हणून पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी कीड समजून लगेच चिरडू नये.