रनच्या चौकटीत 'मस्' कुठून आलं?

प्रश्न : ताई, कराडला माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या आठवड्यात कुरिअरने एक पाकीट आलं. आत छापील पत्र, 'कागदाचे नवे दर सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये पाहावेत', आणि पेन ड्राइव्ह. तो टायपिंगच्या कॉम्प्युटरला लावला. ड्राइव्ह काही दिसला नाही, पण डाव्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडली, तिच्यात 'मस्' एवढंच उमटलं आणि 'मस्' सापडत नाही असं विंडोजने कळवलं. मी कीबोर्डला हातही लावला नव्हता. पोर्ट गेलं असेल म्हणून मिस्टरांच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरला लावून पाहिला. तिथे एक काळी खिडकी चमकली आणि गेली. अँटिव्हायरस दोन्हीकडे सगळं ठीक म्हणतो. पेन ड्राइव्ह फॉरमॅट मारून वापरू का?

उत्तर : 'मस्' हे अक्षरशः लिहिलंत ते फार बरं केलंत. आता टायपिंगचा कीबोर्ड समोर घ्या. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी टायपिंगच्या कळांच्या मांडणीत, 'म' कुठे येतो? इंग्रजी सीवर. 'स' एमवर आणि पाय मोडायची खूण डीवर. सी, एम, डी. विंडोजची काळी खिडकी उघडायचा हा हुकूम. म्हणजे विंडोजचं बटण आणि आर दाबून कुणीतरी रनची, म्हणजे हुकूम टाइप करायची, चौकट उघडली, सीएमडी टाइप केलं आणि एंटर मारला. ते कुणीतरी म्हणजे तो पेन ड्राइव्हच.

यूएसबीला काहीही लावलं की ती वस्तू आपण कोण ते स्वतःच सांगते. मी साठवणीचा ड्राइव्ह, मी प्रिंटर, मी कीबोर्ड. कॉम्प्युटर पुरावा मागत नाही. तुमचा ड्राइव्ह 'मी कीबोर्ड' म्हणाला, म्हणून तो माय कॉम्प्युटरमध्ये दिसला नाही. आणि कीबोर्ड अक्षरं पाठवत नाही, कळीचा नंबर पाठवतो. त्या नंबराचं अक्षर कोणतं हे तुमच्या कॉम्प्युटरवरची भाषा ठरवते. बनवणाऱ्याने इंग्रजी गृहीत धरली होती, तुमच्याकडे मराठी चालू होती. मराठी टायपिंगने दुकान वाचवल्याचं माझ्या पाहण्यातलं हे पहिलंच उदाहरण! पण हिशेबाच्या कॉम्प्युटरवर इंग्रजी असणार. तिथे चमकलेली खिडकी खरी होती.

त्याच कॉम्प्युटरची काळजी करा. आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. मग मोबाइलवरून, त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, ईमेल आणि नेटबँकिंगचे पासवर्ड बदला, बँकेलाही कळवा. पैसे गेल्याचं दिसलं तर तासभरही न थांबता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. हिशेबाच्या फाइल्स काढून घेऊन विंडोज नव्याने टाकून घ्या. मिस्टर म्हणतील, एवढं कशाला, चालतोय की. चालेलच. असल्या उद्योगात कॉम्प्युटर बंद पाडून सहसा कुणाचा फायदा नसतो.

अँटिव्हायरस गप्प का? तो मुख्यतः फाइल्स तपासतो. इथे ड्राइव्हवर तपासायला फाइलच नाही, नुसत्या कळा दाबल्या जातायत. तुम्ही टाइप करताय की ती वस्तू, यातला फरक त्याला सहसा कळत नाही. फॉरमॅटचंही तेच. फॉरमॅट साठवण पुसतो. हे सोंग चिपच्या आतल्या प्रोग्रॅमचं आहे. 2014 साली कार्स्टन नोल आणि याकोब लेल या बर्लिनच्या दोन सुरक्षा संशोधकांनी लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट या कॉम्प्युटर सुरक्षेच्या परिषदेत दाखवलं की साध्या पेन ड्राइव्हच्या चिपमधला प्रोग्रॅम बदलून त्याचा कीबोर्ड करता येतो. तेवढा खटाटोपही लागत नाही. सुरक्षा तपासणाऱ्यांसाठी 'रबर डकी' नावाची तयार वस्तू विकत मिळते, दिसायला हुबेहूब पेन ड्राइव्ह. तुमचा फोडून टाका. पण पोलिसांत तक्रार देणार असाल तर पाकिटासकट तसाच ठेवा.

पाकिटाची युक्तीही जुनीच. 2020 मध्ये अमेरिकेत फिन-7 या सायबर गुन्हेगारांच्या टोळीने कंपन्यांना टपालाने अशाच वस्तू पाठवल्या, सोबत गिफ्ट कार्ड आणि काही ठिकाणी चक्क टेडी बेअर. 2022 च्या सुरुवातीला एफबीआयने पुन्हा तोच इशारा दिला.

आता दुकानाचं. पेन ड्राइव्ह घेऊ नका असं मी सांगणार नाही. अर्ज छापायला आलेल्या माणसाला परत पाठवून झेरॉक्सवाल्याचं पोट भरत नाही. मी माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एक जुना लॅपटॉप ठेवलाय, नेट नाही, पासवर्ड नाहीत. परका ड्राइव्ह आधी त्याला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या वस्तूंच्या विंडोजमधल्या यादीत, 'कीबोर्ड्स'खाली एक नाव वाढलं की ड्राइव्ह बाजूला. (वायरलेस माउसचा डोंगलही तिथे दिसतो, तेव्हा आधी तो काढून ठेवा, नाहीतर माझ्यासारखा अर्धा दिवस भुताचा शोध घेत बसाल.)

आणि रोजचं काम ॲडमिन, म्हणजे सगळे हक्क असलेल्या, खात्यावरून करू नका. ॲडमिन खात्यावर विंडोज 'परवानगी आहे का' विचारतं, तेव्हा 'हो' हे बटण तो नकली कीबोर्डही दाबू शकतो. साध्या खात्यावर त्याच ठिकाणी पासवर्ड मागितला जातो, आणि तो त्या ड्राइव्हला माहीत नसतो. तुमच्या खात्याच्या हक्कात होणारं नुकसान याने थांबत नाही, पण पुढचा मजला, म्हणजे अख्ख्या कॉम्प्युटरचा ताबा, बंद राहतो.

प्रश्न : प्रदर्शनात फुकट मिळालेली चार्जिंग केबलही अशी असू शकते का? – विद्यार्थी, नाशिक

उत्तर : हो. केबलच्या टोकात मावेल एवढी चिप बसवलेल्या केबल विकत मिळतात. लॅपटॉपला लावू नका. भिंतीतल्या ॲडॉप्टरला लावून मोबाइल चार्ज करायचा तर मोबाइल लॉक ठेवा, किंवा आतून डेटाच्या तारा नसलेली, नुसती चार्जिंगची केबल घ्या. स्टेशनजवळच्या दुकानात मिळते.