पन्नाशीनंतर अभिनयाकडे वळताना

प्रश्न : मी ५७ वर्षांची असून गेल्या वर्षी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. महाविद्यालयात एकांकिका केल्या होत्या. पुढे नोकरी आणि संसारात रंगमंच सुटला. आता मालिकांत काम करावेसे वाटते. एका संस्थेने फोटो व नावनोंदणीसाठी ४०,००० रुपये मागितले आहेत. ते भरावेत का? या वयात सुरुवात होऊ शकते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पैसे मुळीच भरू नका. पात्रनिवड करणाऱ्यांचे मानधन निर्माता देतो, कलाकार नव्हे. खिडकीच्या उजेडात, मेकअप न करता काढलेले दोन-तीन फोटो आणि मोबाइलवरचा एक छोटा संवाद सुरुवातीला पुरतो.

सुरुवात मात्र जरूर होऊ शकते. डॉ. श्रीराम लागू यांनी १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सकाचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ रंगभूमी पत्करली, हे आपण ऐकले असेलच. परंतु त्याआधी अनेक वर्षे ते पुण्यात हौशी नाटके करत होते, ही बाब हे उदाहरण देणारे बहुधा विसरतात. आपल्याला नेमकी हीच मधली पायरी हवी आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली जिथे ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्या सांगलीत हौशी नाट्यमंडळींची वाण नाही. राज्य नाट्य स्पर्धेसाठी तालमी करणाऱ्या एखाद्या संघात जा, आणि भूमिका मिळाली नाही तर प्रॉम्प्टिंग करा, म्हणजे संहिता हाती घेऊन नटांना विसरलेले संवाद आडून सुचवा. दोन महिने रोज संहिता हाती धरली की पाठांतराची मोडलेली सवय परत येते.

कॅमेऱ्याची शिस्त वेगळी असते. चहाचा कप कोणत्या शब्दावर उचलला आणि कोणत्या शब्दावर खाली ठेवला, हे पुढच्या प्रत्येक टेकमध्ये तसेच करावे लागते, नाहीतर संकलनात दृश्य जुळत नाही. घरी कपबशी घेऊन एकच संवाद दहा वेळा म्हणून पाहा. पहिल्या दिवशी हात आणि शब्द यांची फारकत होईल, त्याने खचून जाऊ नका.

मालिकेतील आई-आजीच्या भूमिकांना दिवसाचे बारा तास द्यावे लागतात आणि मानधन बहुधा काही महिन्यांनी हाती येते. आपल्या गाठीशी बँकेची पुंजी आहे, त्यामुळे मनाला न पटणारे काम नाकारण्याची मोकळीक आपल्याला आहे. विशीतल्या मुलांना ती क्वचितच मिळते. मुंबईला बिऱ्हाड हलवण्याचा विचार पहिले काम हाती आल्यावर करावा.