समुद्राचं चित्र दुसऱ्या दिवशी पूर्ण करायला गेलं की काहीच का जुळत नाही

तुमचं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितोय. किनाऱ्यावर केलेलं चित्र तिथे झकास वाटतं, घरी आणलं की काळपट दिसतं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच जागी बसून पुढे न्यायला गेलं की सगळं बिनसतं, आणि शिकवणारे म्हणतात सराव कमी पडतोय. सराव कमी नाहीये हो. हेच सगळं मी भोगलंय. इझल, ब्रश वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो. मी तैलरंगवाला आहे, जलरंगात वाळण्याचं गणित वेगळं, तेवढं लक्षात घेऊन वाचा.

काळपटपणाचं उत्तर सोपं आहे. कॅनव्हासवर थेट ऊन पडत असणार. उन्हात पांढरं इतकं झगझगतं की आपण आपोआप रंग गडद करत जातो, आणि तेच चित्र खोलीतल्या उजेडात गेलं की सगळं खाली बसतं. कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत, एक उन्हात आणि एक सावलीत तर त्याहून वाईट. छत्री घेतलीत तर काळी किंवा करडी घ्या, रंगीत नको, तिचा रंग सगळ्यावर उतरतो आणि तुम्हाला कळतही नाही.

आता खरं दुखणं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गेलात तर ऊन जवळपास तेच मिळतं, पण पाणी तेच नसतं! भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. म्हणजे काल सकाळी जे खडक उघडे होते त्यातले काही आज त्याच वेळेला पाण्याखाली, ओल्या वाळूचा पट्टा सरकलेला, लाट फुटायची जागाही सरकलेली. तीन-चार दिवस गेले की तो वेगळाच किनारा असतो. उजेड आणि पाणी दोन्ही पुन्हा जुळायला साधारण पंधरवडा लागतो, तोवर सूर्यही थोडा सरकलेला असतो पण तेवढं चालतं. (जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथलं हे गणित, सगळीकडे असंच असतं असं नाही.) भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून मगच दिवस ठरवा, हवामान बघण्याच्याही आधी.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याचाच राग आजही आहे. मी एका संस्थेच्या निसर्गचित्रणाच्या वर्गाला जात होतो, नाव घेत नाही. तिथला नियमच असा की एक चित्र, लागोपाठच्या सकाळी, तीच जागा, तीच वेळ, पूर्ण होईपर्यंत. वर मागे उभं राहून सांगायचे, सावली आता तिकडे गेली, बदला, पाणी वर आलं, बदला. मग काय, खडकाची सावली पहिल्या तासाची, पाणी तिसऱ्या दिवसाचं आणि आकाश कुठलं ते देवालाच माहीत. विचारलं की हे जुळत नाहीये तर उत्तर ठरलेलं, नजर तयार व्हायला वेळ लागतो. ऑफिसात जाऊन वेळ बदलून मागितली तर म्हणे अभ्यासक्रमात बसत नाही. माझा अख्खा हंगाम त्यात गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्या डोळ्यातच खोट आहे असं मला खरंच वाटायला लागलं होतं. बरोबरच्या दोघातिघांनी तर चित्रं काढणंच सोडलं. चांगले हात होते त्यांचे.

सूर्य तासाला 15 अंश सरकतो, त्याच्या मागे धावून कोणालाच पोचता येत नाही. व्हॅलेन्सिएन नावाचा फ्रेंच चित्रकार 1800 सालीच सांगून गेला की निसर्गासमोरचा अभ्यास जास्तीत जास्त दोन तासात आटपावा, आणि सूर्योदय-सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासात. क्लोद मोने, तोही फ्रेंच चित्रकार, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एत्रेता गावाच्या कड्यांसमोर बरेच कॅनव्हास घेऊन जायचा, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. म्हणजे ही काही गुप्त विद्या नाही, वर्गात दोन मिनिटात सांगता आली असती.

माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या: छोटा कॅनव्हास घ्या आणि एका बैठकीत संपवा. बसल्या बसल्या आधी पेन्सिलीने दोन-तीन टोनमध्ये, म्हणजे उजळ-गडद छटांमध्ये, छोटं स्केच करा, कुठे ऊन, कुठे सावली, पाणी कुठवर. एकदा ते ठरलं की सावल्यांना हात लावायचा नाही, समोर काहीही होवो. अडलं तर समोर न बघता स्केचकडे बघा. मोठं चित्र करायचंय तर अशा छोट्या अभ्यासांवरून घरी करा. फोटो खडकाच्या आकारासाठी ठीक, पण रंगासाठी मी तरी वापरत नाही, त्यात सावल्या काळ्याठिक्कर होतात आणि फेस नुसता पांढरा येतो.

फेसावरून आठवलं, फेस पांढरा नसतोच बऱ्याचदा. सावलीतला फेस निळसर करडा असतो, शुद्ध पांढरा फक्त ऊन लागलंय तिथे, थोडासा. आणि एका लाटेचा पाठलाग करू नका, एका जागेकडे बघत बसा. खालचा तळ तोच असल्यामुळे तिथे येणारी प्रत्येक लाट साधारण तशीच उभी राहते आणि फुटते, दहा-पंधरा लाटा नुसत्या बघितल्या की आकार पाठ होतो. लाट उभी राहिली की माथ्याजवळ ती पातळ असते, मागून उजेड आला तर तिथेच तो हिरवा दिसतो, खाली पायथ्याशी नाही.

अजून एक, उभं राहून सुरू केलं तर उभ्यानेच संपवा. क्षितिज कायम डोळ्याच्या उंचीवर असतं, मध्येच बसलात की होडीची डोलकाठी जिथे क्षितिजाला छेदत होती तिथे छेदत नाही आणि मग उगाच ड्रॉइंग चुकल्यासारखं वाटतं.

वाळू चिकटली तर ओल्या रंगात खरवडत बसू नका, वाळल्यावर बघा. मोनेच्या 1870 च्या, फ्रान्समधल्या त्रुव्हिलच्या किनाऱ्याच्या चित्रात अजून वाळूचे कण आहेत.

जुने अर्धवट कॅनव्हास आता दुरुस्त करत बसू नका, तसेच बाजूला ठेवा, त्यातलं आकाश कधी उपयोगी पडतं. तुमचा समुद्र कुठल्या दिशेला आहे आणि तुम्ही सकाळी बसता की संध्याकाळी ते लिहा, म्हणजे ऊन समोरून येतं की पाठीमागून ते कळेल, त्यावर रंगांचं बरंच सांगता येईल.