टोपीआड गेलेले डोळे

प्रश्न : काका, 'द ऑक्स-बो इन्सिडंट' हा जुना इंग्रजी सिनेमा पाहिला. शेवटी हेन्री फोंडा पत्र वाचतो तेव्हा मित्राच्या टोपीमुळं त्याचे डोळेच दिसत नाहीत. ही कॅमेऱ्याची चूक का? आणि नायक असून तो काहीच कसा करत नाही?
– एक शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, चूक मलाही वाटली होती. जन्म गेला थिएटरात सिनेमा चालवायच्या ऑपरेटरकीत, पडद्यावरची फ्रेम जरा वरखाली सरकली की खालून "ए ऽ ऽ, फ्रेम!" म्हणून शिट्ट्या. हा सिनेमा पहिल्यांदा मी एका शाळेच्या हॉलमध्ये १६ एमएमवर चालवला, तेव्हा पत्राच्या प्रसंगाला माझा हात आपसूक मशीनच्या फ्रेमिंगच्या नॉबकडं गेला. फिरवून बघितला, टोपीचा काठ डोळ्यांवर तिथंच. दिग्दर्शक विल्यम वेलमननं बारला टेकलेल्या हॅरी मॉर्गनची, म्हणजे त्या मित्राची, टोपी बरोब्बर फोंडाच्या डोळ्यांवर आणून ठेवलीय. दिसतं ते फक्त वाचणारं तोंड. मूळ कादंबरीत तर पत्रातला मजकूर आपल्याला कळतच नाही. तो सिनेमावाल्यांनी घातला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गोष्ट १८८५ सालच्या नेवाडातली. किंकेड नावाच्या पशुपालकाला मारून त्याची जनावरं पळवली, अशी आवई उठते. शेरीफ गावात नाही. त्याचा हाताखालचा माणूस अधिकार नसताना सगळ्यांना शपथ देतो आणि जमाव निघतो. रानात झोपलेले तिघे सापडतात. जनावरं किंकेडची, एकाजवळ त्याचं पिस्तूल, आणि खरेदीची पावती नाही. संपलं. (वडगावच्या बाजारात बैल घेतलेल्या कुणालाही विचारा, पावतीविना माणसाचा जीव कसा खालीवर होतो ते.) तिघांतला मार्टिन सांगतो, पावती मागनं पाठवतो म्हणालेत. कोण ऐकतंय? फाशी नको म्हणणारे सातच निघतात. फोंडा त्या सातांत आहे. फाशीआधी मार्टिन बायकोला लिहितो, तेच ते पत्र. पहाटे तिघांना लटकवतात, आणि परतताना शेरीफ भेटतो : किंकेड जिवंत आहे.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मधला, अकरा जणांना एकट्यानं वळवणारा फोंडा डोक्यात ठेवून हा सिनेमा बघू नका. तो १९५७ चा, हा १९४३ चा. इथं तो नको म्हणतो, थोडी झटापट करतो आणि मग तिथंच असतो. खुद्द फोंडानं चौदाव्या वर्षी, १९१९ साली, ओमाहात वडिलांच्या छापखान्याच्या खिडकीतून जमावानं विल ब्राऊन या काळ्या माणसाचा घेतलेला जीव पाहिला होता.

मला हे का भिडलं, ते सांगतो. लक्ष्मीपुरीत रविवारचा बाजार. "पाकीट मारलं!" म्हणून ओरडा झाला आणि एका पोराला धरलं. माझ्या शेजारचा एक जण सायकलवरनं उतरला, हँडल माझ्या हातात दिलं, "धरा जरा, भाऊ," म्हणाला आणि बाह्या सारत आत घुसला. मी धरली. घंटीवर बोट ठेवून उभा. पोरगं "आई गं" म्हणत होतं ते ऐकू येत होतं. जरा वेळानं पाकीटवाल्याच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली पाकीट निघालं. गर्दी पांगली. तो सायकलवाला आला, हँडल घेतलं, "लई उपकार झाले," म्हणाला. मी "असू दे, असू दे" म्हणालो! मी एक चापट मारली नव्हती, ताई. पण मी सायकल धरली नसती तर त्याचे हात मोकळे झाले नसते.

आणि हे आपलं गाव. गांधीहत्येनंतर १९४८ साली जमावानं भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला. तेव्हाही कुणीतरी कुणाच्या सायकली धरल्याच असतील.

शाळेत दाखवायचा असेल तर जरूर दाखवा, ७५ मिनिटांचा आहे, दोन तासिकांत बसतो. फक्त पत्राच्या वेळी पोरं "फ्रेम!" ओरडली तर नॉबला हात लावू नका.